रस्ता कोणाचा? ठाणे–नवी मुंबईतील क्रमांकित रस्ते आणि त्यांचा कारभार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातून गाडी काढली की गल्ली ठाणे महापालिकेची. कळवा, विटावा मागे टाकून दिघ्यात शिरलात की ठाणे–बेलापूर रस्ता नवी मुंबई महापालिकेचा. तुर्भ्याला सायन–पनवेल महामार्गावर चढलात की सार्वजनिक बांधकाम विभागाचा आणि खारघरात आत वळलात की पनवेल महापालिकेचा. तासाभराच्या या वाटेवर चार मालक होतात, पण एकाही ठिकाणी डांबराचा रंग बदलत नाही. म्हणून तक्रार चुकीच्या टेबलावर जाते आणि खड्डा पावसाळाभर तसाच राहतो. लोकांच्या तक्रारी वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी ही प्रश्नोत्तरे.

रस्त्यांचे प्रकार किती आणि क्रमांक कोणाला असतो?

राष्ट्रीय महामार्ग (रा.म.) केंद्राचे. त्याखाली महाराष्ट्रात प्रमुख राज्य महामार्ग (प्र.रा.मा.), राज्य महामार्ग (रा.मा.), प्रमुख जिल्हा मार्ग (प्र.जि.मा.), इतर जिल्हा मार्ग (इ.जि.मा.) आणि ग्रामीण मार्ग (ग्रा.मा.) अशी उतरंड आहे. या सगळ्यांना क्रमांक असतात. प्रमुख जिल्हा मार्गापर्यंतचे रस्ते साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभाग पाहतो, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. शहराच्या आतल्या रस्त्यांना या यादीत जागा नाही, ते महापालिकेचे.

निविदा, अंदाजपत्रक, कामाचा फलक या सगळ्यांत हीच लघुरूपे वापरली जातात. 'प्र.जि.मा.' असे वाचलेत आणि रस्ता शहरातून जात असला, तरी महापालिकेकडे धावू नका. आधी तो हस्तांतरित झाला आहे का ते विचारा.

रस्त्यावर उभे राहून प्रकार कसा ओळखायचा?

किलोमीटरचा दगड पाहा. डोक्याला पिवळा रंग असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्हा वा शहराचा रस्ता, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. खालचा भाग पांढरा असतो. दोन किलोमीटरच्या दगडांमध्ये दर २०० मीटरवर छोटे दगड असतात आणि त्यांवर २, ४, ६, ८ असे आकडे. १२ च्या दगडापुढचा ४ चा छोटा दगड म्हणजे १२ किलोमीटर ४०० मीटर. बांधकाम विभागाच्या कागदांत हेच 'कि.मी. १२/४००' असे लिहितात.

आपल्याकडची अडचण अशी की रुंदीकरणात हे दगड उखडले जातात किंवा मातीखाली जातात. घोडबंदर रस्त्यावर किंवा सायन–पनवेलवर दगड शोधत बसण्यात अर्थ नाही. तिथे खांबांचे क्रमांक उपयोगी पडतात. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

३, ४, ८, १७ हे जुने राष्ट्रीय महामार्ग कुठे गेले?

रस्ते तिथेच आहेत, आकडे बदलले. २०१० साली देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, पण रिक्षावाल्यापासून दुकानाच्या पाटीपर्यंत जुने आकडे अजून चालू आहेत. आपल्या भागापुरते लक्षात ठेवायचे ते असे :

जुना ८, म्हणजे मुंबई–अहमदाबाद, तो आता ४८.
जुना ४, म्हणजे पनवेलहून खोपोली, पुण्याकडे जाणारा, तोही आता ४८.
जुना ३, म्हणजे मुंबई–आग्रा. त्याच्या ठाणे–वडपे टप्प्याला आता ८४८ म्हणतात.
जुना १७, म्हणजे पनवेलहून कोकण, गोव्याकडे जाणारा, तो ६६.
जुना २२२, म्हणजे कल्याण–मुरबाड–माळशेज घाट, तो ६१.
जुना ४ब, म्हणजे पळस्पे ते उरणचे बंदर, तो ३४८. उलव्याच्या बाजूने बंदराकडे जाणारा आम्र मार्ग ३४८अ.

पहिल्या दोन ओळी पुन्हा वाचा. जुना ८ आणि जुना ४ या दोघांचा आता एकच आकडा आहे. तक्रारीत नुसते 'रा.म. ४८ वर खड्डा' लिहिले तर तो काशिमीऱ्याचा की पनवेलचा हे समजायला मार्ग नाही. क्रमांकासोबत दिशा आणि जवळचे गाव लिहायलाच हवे.

नव्या आकड्यांमागे काही हिशेब आहे का?

आहे, आणि तो सोपा आहे. उत्तर–दक्षिण जाणाऱ्या महामार्गांना सम आकडे, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. म्हणून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ४८, ६६ असे मोठे सम आकडे आहेत. पूर्व–पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडे, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. माळशेजचा ६१ त्यातला. तीन आकडी क्रमांक म्हणजे फाटा, आणि शेवटचे दोन आकडे मूळ महामार्गाचे. ३४८ आणि ८४८ हे दोन्ही ४८ चे फाटे. त्यालाही पुढे उपफाटा असेल तर अक्षर लागते. एवढे समजले की अनोळखी पाटी वाचूनही रस्ता कोणत्या मोठ्या महामार्गाला मिळणार याचा अंदाज येतो.

घोडबंदर रस्ता नक्की कोणाचा?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि एका शब्दात उत्तर नाही. माजिवड्यापासून घोडबंदरपर्यंतचा हा रस्ता राज्य महामार्ग क्रमांक ४२ म्हणून ओळखला जातो, म्हणजे मुख्य रस्त्याची मूळ नोंद सार्वजनिक बांधकाम विभागाकडची. कडेचे सेवा रस्ते, गटारे, आतले फाटे ठाणे महापालिकेकडचे. वरून कासारवडवली आणि पुढे गायमुखपर्यंतची मेट्रो मार्गिका एमएमआरडीएची (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची), त्यामुळे खांबांभोवतीच्या बॅरिकेडच्या आतली जागा काम संपेपर्यंत त्यांच्या ठेकेदाराच्या ताब्यात. सेवा रस्ता मुख्य रस्त्यात मिसळण्याचे कामही एमएमआरडीएचे. गायमुख घाट ओलांडला की मीरा–भाईंदरची हद्द सुरू होते आणि पोलीस आयुक्तालयही बदलते.

म्हणून पाणी तुंबले तर आधी बघा ते कुठे अडले आहे. सेवा रस्त्याच्या गटाराच्या तोंडाशी कचरा असेल तर माजिवडा–मानपाडा प्रभाग समितीकडे जा. बॅरिकेडच्या पायामुळे पाण्याची वाट बंद झाली असेल तर महापालिकेचा माणूस येऊन काहीच करू शकत नाही. अशा वेळी एकच अर्ज तीन ठिकाणी द्या आणि प्रत्येकावर इतर दोघांना प्रत दिल्याचे लिहा. त्यामुळे 'आम्हाला माहीत नव्हते' ही वाट बंद होते.

नवी मुंबईत कोणता रस्ता कोणाकडे?

ठाणे–बेलापूर रस्ता, पाम बीच मार्ग आणि वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, ऐरोली यांसारख्या भागांतले सेक्टरमधले रस्ते नवी मुंबई महापालिकेकडे. पाम बीच नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाने बांधला, पण आज सिडकोला अर्ज करून उपयोग नाही. सायन–पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. वाशी खाडीपूल आणि ऐरोली पूल राज्य रस्ते विकास महामंडळाचे, मुंबई–पुणे द्रुतगती महामार्गही त्यांचाच. अटल सेतू आणि ऐरोली–काटई मार्ग एमएमआरडीएचे. शिळफाट्याहून कल्याणकडे जाणारा रस्ता पुन्हा राज्य रस्ते विकास महामंडळाचा. दिघा ते तुर्भे या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात काही रस्ते एमआयडीसीकडे (औद्योगिक विकास महामंडळाकडे), काही महापालिकेकडे आहेत. तिथे कारखान्याचा भूखंड क्रमांक दिल्याशिवाय कोणीच जबाबदारी घेत नाही. उलवे, द्रोणागिरीत सिडको.

खारघर, कामोठे नवी मुंबईतच ना? मग महापालिका तक्रार का घेत नाही?

सिडकोने वसवलेली नवी मुंबई मोठी आहे, नवी मुंबई महापालिकेची हद्द त्याहून लहान आहे : दिघा ते बेलापूर. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहेत. जिल्हाही वेगळा. बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडमध्ये. गाडीच्या पाटीवरही हे दिसते : वाशीचा एमएच ४३, पनवेलचा एमएच ४६. पोलीस आयुक्तालय मात्र दोन्हीकडे नवी मुंबईचेच, त्यामुळे घोळ वाढतो. जिल्हा लक्षात ठेवण्याचे कारण खाली भरपाईच्या प्रश्नात आहे.

वागळे इस्टेटचा 'रोड नंबर २२' किंवा वाशीचा 'सेक्टर १७' हे रस्त्याचे क्रमांक आहेत का?

वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर १६, २२ ही औद्योगिक वसाहतीच्या आखणीतली नावे आहेत, राज्याच्या क्रमवारीशी त्यांचा संबंध नाही. सेक्टर तर रस्ताच नव्हे, तो विभाग. प्रत्येक नोडमध्ये (वाशी, नेरूळ यांसारख्या आखलेल्या भागात) सेक्टरची मोजणी नव्याने सुरू होते, म्हणून 'सेक्टर १०' वाशीतही आहे आणि नेरूळमध्येही. नोडचे नाव न लिहिलेला अर्ज निम्म्या वेळा भलत्याच विभाग कार्यालयात जाऊन पडतो.

जागा नेमकी कशी लिहावी?

अर्जातला हाच भाग सर्वात महत्त्वाचा. 'स्टेशनजवळ मोठा खड्डा' वाचून अभियंता कुठे जाणार? पुढच्या गोष्टी लिहा : रस्त्याचे नाव आणि क्रमांक, गाडीची दिशा (ठाण्याहून बेलापूरकडे की उलट), कोणती मार्गिका (दुभाजकालगतची, मधली, डावी), आणि जवळची न हलणारी खूण. हातगाडी किंवा बॅनर ही खूण नव्हे. दिव्याच्या खांबावर रंगवलेला क्रमांक, मेट्रोच्या खांबाचा क्रमांक, पुलाचे टोक, किलोमीटरचा दगड या खुणा टिकतात.

खड्ड्याचे माप द्या. पट्टी नसेल तर चप्पल शेजारी ठेवून फोटो काढा, लांबी–रुंदीचा अंदाज लगेच येतो. एक फोटो जवळून आणि एक लांबून, लांबच्या फोटोत खांब दिसला पाहिजे. मोबाइलमध्ये जागेची नोंद चालू ठेवून फोटो काढलात तर अक्षांश–रेखांशही हाताशी राहतात.

नमुना : 'ठाणे–बेलापूर रस्ता, ठाण्याहून वाशीकडे जाणारी बाजू, रबाळे स्थानकाच्या पुढे, दिव्याचा खांब क्र. अमुक, डावी मार्गिका. खड्डा अंदाजे ३ फूट लांब, २ फूट रुंद, ४ इंच खोल. पाणी साचल्यावर दिसत नाही. दुचाकी घसरतात.' एवढे पुरे. रागाचे परिच्छेद जोडले की मुद्दा त्यांत बुडतो.

अर्ज कोणाकडे द्यायचा?

महापालिकेत पहिली पायरी कनिष्ठ अभियंता, मग उपअभियंता, कार्यकारी अभियंता आणि वर ठाण्यात नगर अभियंता, नवी मुंबईत शहर अभियंता. अर्ज विभाग कार्यालयात (ठाण्यात प्रभाग समितीत) द्यावा. आवक टेबलावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय निघू नका. पोच नसलेला अर्ज पुढे कुठेच सिद्ध करता येत नाही.

बांधकाम विभागाच्या रस्त्यासाठी उपविभागाचा उपअभियंता आणि विभागाचा कार्यकारी अभियंता. खड्ड्यांसाठी विभागाचे पीसीआरएस हे मोबाइल अॅप आहे. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ हा क्रमांक चोवीस तास चालतो. जखमी माणूस असेल तर आधी १०८ किंवा ११२. तक्रार नंतर.

सगळेच म्हणतात 'आमच्या हद्दीत नाही'. आता?

इथे माहितीचा अधिकार खरोखर कामी येतो. त्या कायद्याच्या कलम ६(३) नुसार माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल, तर अर्ज पाच दिवसांत तिकडे वर्ग करण्याची जबाबदारी अर्ज घेणाऱ्या कार्यालयाची आहे. टोलवाटोलवी करताना त्यांना लेखी सांगावे लागते की रस्ता कोणाचा. तो कागद हाती आला की मालक ठरतो.

राज्याच्या कार्यालयांसाठी १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. यामुळेच अनेकांचे अर्ज परत येतात. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील. दुसरे अपील ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे.

प्रश्न 'का' ने सुरू करू नका, कागद मागा : हा रस्ता आपल्या ताब्यात आल्याच्या हस्तांतरण पत्राची प्रत, शेवटच्या डांबरीकरणाचा कार्यादेश, दोषदायित्व कालावधी कधी संपतो, त्या काळात ठेकेदाराकडून करून घेतलेल्या दुरुस्तीची नोंद, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापे लिहितात त्या वहीची) पाने. दोषदायित्व कालावधी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. जनतेच्या पैशातून त्याच खड्ड्यासाठी दुसरे बिल निघता कामा नये.

बुजवलेला खड्डा आठवड्यात पुन्हा का उखडतो?

कारण तो बुजवलेला नसतो, भरलेला असतो. नीट दुरुस्तीत खड्ड्याभोवतीचा सैल भाग चौकोनी कापतात, कडा उभ्या ठेवतात, धूळ आणि पाणी पूर्ण काढतात, तळाला आणि कडांना डांबराचा पातळ हात मारतात. मग गरम मिश्रण थरांत टाकून प्रत्येक थर दाबतात. भरलेला भाग रस्त्याच्या पातळीला आला पाहिजे. उंच राहिला तर चाके आपटून कडा फुटतात, खोल राहिला तर पाणी साचते.

यातली सर्वाधिक हुकणारी गोष्ट तापमान. नेहमीच्या व्हीजी–३० प्रतीच्या डांबराचे मिश्रण पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस हवे आणि रोलर ९० अंशांच्या खाली जाण्याआधी फिरून संपला पाहिजे. प्लांटवरून निघालेला डंपर कोंडीत तासभर अडकला की मिश्रण गार होते. वरून काळेभोर दिसते, पण खडीला खडी चिकटत नाही आणि दोन सरींत दाणे सुटू लागतात. डंपरवर ताडपत्री नसेल, टाकताना वाफ दिसत नसेल, तर तिथल्या तिथे कनिष्ठ अभियंत्याला तापमान मोजायला सांगा. थर्मामीटर जागेवर असायला हवा.

पावसात नेहमीचे गरम मिश्रण चालत नाही. तेव्हा कोल्ड मिक्स (गारच वापरायचे मिश्रण) किंवा मास्टिक (ओतून बसवायचे, रोलर न लागणारे डांबरी मिश्रण) वापरतात. डांबराच्या मधोमध पेव्हर ब्लॉकचा तुकडा बसवणे हा मात्र सर्वात वाईट उपाय. ब्लॉक आणि डांबर भाराखाली वेगवेगळे दबतात, सांध्यातून पाणी आत जाते आणि वर्षभरात खड्ड्याच्या जागी उंचवटा आणि त्याच्या कडेला नवा खड्डा तयार होतो. दुचाकीचे पुढचे चाक नेमके त्या कडेवर घसरते.

काँक्रीटच्या रस्त्याला लगेच तडे का गेले?

बहुतेकदा दोन कारणे. सांधे कापायला उशीर झाला, किंवा पाणी मारणे अर्धवट सोडले. काँक्रीट आकसते. ठरल्या अंतरावर, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोलीपर्यंत वेळेत खाच पाडली नाही, तर ते स्वतःच्या मर्जीने, वेडेवाकडे फुटते. पाणी किमान १४ दिवस मारायचे असते. एम–४० प्रतीच्या काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी तपासतात, त्याआधी डंपर सोडणे म्हणजे रस्ता कच्चा वापरणे.

चेंबरचे झाकण तुटले आहे. महापालिका म्हणते आमचे नाही.

झाकणावरची अक्षरे वाचा. मलनि:सारण, वीज, दूरध्वनी, गॅस, प्रत्येकाची खूण ओतीव लोखंडात असते. अक्षरे नसतील तर रस्त्याच्या मालकाने आधी जागा सुरक्षित करायची आणि झाकण कोणाचे ते नंतर शोधायचे. उघडे चेंबर दिसल्यास फोनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, लेखी अर्जाची वाट पाहू नका.

केबलसाठी खोदलेला चर का खचतो?

सगळी माती एकदम लोटून वरून एकदाच दाबली म्हणून. थराथराने पाणी मारून दाबली तर खचत नाही. खोदणाऱ्याकडून पुनर्स्थापनेची रक्कम महापालिका आधीच घेते, तेव्हा 'निधी नाही' हे उत्तर मान्य करू नका. परवानगीचा क्रमांक मागा.

सोसायटीसमोर गतिरोधक हवा आहे.

स्वतः सिमेंट ओतू नका, तो बेकायदा ठरतो आणि रात्री कोणाचा तरी जीव घेऊ शकतो. महापालिका आणि वाहतूक शाखा दोघांकडे अर्ज करा. भारतीय रस्ते काँग्रेस या महामार्ग अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, वर पट्टे आणि अलीकडे सूचनाफलक हवा. वीतभर रुंदीचे टोकदार उंचवटे या मापात बसत नाहीत. ते काढून टाकण्याची मागणीही करता येते. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक मिळत नाही.

टोल कुठे लागतो, वार्षिक पास कुठे चालतो?

मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी येथे, १४ ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल नाही. फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला, तेव्हा खासगी मोटारीसाठी ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. तो राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांसाठी आहे. मुंबई–पुणे द्रुतगती, समृद्धी, अटल सेतू राज्याच्या यंत्रणांचे असल्याने तिथे पास असूनही पैसे कापले जातात. रस्ता कोणाचा हा प्रश्न इथे थेट खिशाला लागतो.

खड्ड्यामुळे अपघात झाला तर भरपाई मिळते का?

मिळते. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमीला दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये ठरवून दिले. कळवलेला खड्डा ४८ तासांत हाताळण्याचेही बंधन घातले. महापालिका हद्दीत हे दावे पाहणाऱ्या समितीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. जिल्हा इथे लागतो : बेलापूरच्या अपघाताला ठाण्याचे प्राधिकरण, खारघरच्या अपघाताला रायगडचे.

कागद त्याच दिवशी गोळा करा. खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवला जातो आणि पुरावा नाहीसा होतो. जागेचे फोटो, पोलिसांत नोंद, पंचनाम्यात 'खड्डा' हा शब्द आणि माप आले आहे का ते वाचून मगच सही, रुग्णालयाचे कागद ज्यांत दुखापतीचे कारण लिहिलेले असेल, साक्षीदाराचा संपर्क. पंचनाम्यात नुसते 'तोल जाऊन पडला' असे आले तर पुढचा सगळा दावा लंगडा होतो.

आधी कोणी तक्रार केली होती हे कसे शोधायचे?

त्या विभागाच्या खड्डे नोंदवहीची प्रत, अपघाताच्या आधीच्या तीन महिन्यांची, माहिती अधिकारात मागा. शेजाऱ्यांकडच्या जुन्या पोचपावत्या जमवा. आधीच्या तक्रारीचा आवक क्रमांक हाती असेल तर यंत्रणेला खड्डा माहीत होता हे दाखवता येते, आणि ४८ तासांची मोजणी त्या तारखेपासून करता येते.